पस्तीस आणि त्रेपन्न

मुरुडला समुद्रावर अजून लख्ख उजेड असतो तेव्हा आगरात अंधार झालेला असतो. नारळी-पोफळींच्या खाली संध्याकाळ आधीच उतरते. माझ्या आजोळची दिवेलागण त्यामुळे घड्याळावर नव्हती, आगरावर होती. मागची पडवी काळोखली की आजी समईची वात पुढे सारायची आणि आम्ही मुलं हातपाय धुऊन ओटीवर परवच्याला बसायचो. आधी स्तोत्रं, मग तिथी-वार-महिने, मग पाढे. आमचे पाढे बे ते तीस एवढ्यावर आटपायचे. आजोबांच्या लहानपणी त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असा मोठा डोंगर असे. साडेतीनचा पाढा तोंडपाठ असलेला माणूस मी प्रत्यक्ष पाहिला आहे, हे आता माझ्या मुलांना खोटं वाटतं.

त्या परवच्यात काय चालत असे, हे मला फार उशिरा, पुस्तकं वाचून कळलं. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्मरणशक्तीवर एक पुस्तक लिहिलं. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, मग किती वेळाने किती विसरलं ते मोजायचं. विसरण्याची घसरण पहिल्या काही तासांतच सर्वांत जोरात होते आणि मग मंदावते, हे त्याला दिसलं. एका बैठकीत चाळीसदा घोकण्यापेक्षा तेच दिवसांवर वाटून घेतलं तर जास्त टिकतं, हेही दिसलं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याच्या शेजारची गोष्ट दाखवली. एका गटाने धडा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवणारे पुढे गेले. पुस्तक मिटून आठवणं, रोज थोडं आणि लगेच झोप. परवचा म्हणजे एवढंच तर होतं. झोपेत मेंदू दिवसभराची उजळणी करतो, हे उंदरांच्या मेंदूत १९९४ साली नोंदलं गेलं आहे. जागेपणी फिरताना ज्या पेशी उद्दीपित झाल्या होत्या, त्याच झोपेत पुन्हा उद्दीपित झाल्या.

झोपेवरून आठवलं. मेंदूच्या अभ्यासातून थेट शाळेच्या घंटेपर्यंत पोचलेली गोष्ट आपल्याकडे एकच असावी, आणि ती झोपेचीच आहे. मुलांची झोप पुरी होत नाही, शाळा उशिरा भरवा, असं तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी सुचवलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. पुण्या-मुंबईत बसवाल्यांपासून पालकांपर्यंत सगळ्यांची धांदल उडाली. मुरुडच्या बाजूला कोणाला पत्ताही नव्हता, कारण जिल्हा परिषदेची शाळा साडेदहालाच भरते. शनिवारची सकाळची शाळा सोडली तर इथली मुलं झोपेच्या बाबतीत शास्त्राच्या पुढेच होती.

पण ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं’ या वाटेने मला जायचं नाही. त्या ओटीवर आणखीही काही होतं. माझा एक मामेभाऊ होता. एकटा असला की पाढे घडाघडा म्हणायचा. आजोबा समोर आले आणि ‘सात सक?’ असं विचारलं की त्याचे ओठ हलायचे आणि आवाज निघायचा नाही. आजोबा छडी उचलत नसत, नुसती शेजारी ठेवत. ‘दगड आहेस,’ एवढंच म्हणत आणि पुढच्या मुलाकडे वळत. तो ‘दगड’ आज आगराचा सगळा हिशेब, नारळाच्या शेकड्यापासून पाडेल्याच्या मजुरीपर्यंत, तोंडी करतो. तेव्हा त्याचं काय होत होतं ते आता पुस्तकांतून सांगता येतं. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात. जॉर्ज मिलरने १९५६ साली सातच्या आसपास म्हटलं, नेल्सन कोवनने २००१ मध्ये ते चारवर आणलं. पाढे पाठ असण्याचा फायदाच हा की गणित करताना त्या चार जागांतली एक मोकळी राहते. आणि भीतीचा तोटा हा की ती त्यांतल्या दोन-तीन स्वतःच अडवून बसते. परवच्याची वेळ बरोबर होती, रीत बरोबर होती. छडी चुकीची होती आणि तो ‘दगड’ तर त्याहून. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने एकाच कलमात मनाई केली, हे मला त्या कायद्यातलं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं.

माझी मावसबहीण तालुक्यातल्या एका लहान शाळेत शिकवते. पट इतका कमी की पहिली-दुसरी एका खोलीत, आणि दोन्हींना ती एकटी. मे महिन्यात मी गेलो की तिच्या ओटीवर शेजारची एक-दोन मुलं असतातच. गेल्या खेपेला दुसरीतून तिसरीत जाणारी एक मुलगी पाटी घेऊन बसली होती. ताई आत फणसाचे गरे काढत होती. तिथूनच हाका मारल्यासारखे आकडे सांगत होती.

‘पस्तीस.’

मुलीने ५ काढला, मग त्याच्या उजवीकडे ३. त्रेपन्न.

‘त्रेपन्न.’

आता ३, मग ५. पस्तीस.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई तेलाचे हात वर धरून बाहेर आली. मला डोळ्यांनीच गप्प केलं. पाटीकडे बघून म्हणाली, ‘हे कसं लिहिलंस गो? बोलून दाखव.’

‘बाई, आधी पाच ऐकू आला. मग तीस.’

‘बरोबर ऐकलंस.’

मुलीचं म्हणणं खरंच बरोबर होतं. पस्तीसमध्ये पाच आधी येतो, तीस मागून. आपण बोलतो उजवीकडून डावीकडे आणि लिहितो डावीकडून उजवीकडे. हा व्यवहार आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की तो विचित्र आहे हेच दिसत नाही. शेजारच्या कानडीत एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, वीस आधी आणि एक मागून. बोलणं आणि लिहिणं एका दिशेने. जर्मन आणि डच मुलांची गत आपल्यासारखी आहे, आणि ती मुलंही नेमके असेच अंक उलटे लिहितात, हे तिथल्या संशोधकांनी मोजून ठेवलं आहे. आपल्याकडे त्यात एकोणतीस, एकोणचाळीस हे ‘एक कमी’वाले पाहुणे. बरं, तो तरी नियम म्हणावा, तर एकोणऐंशीपर्यंत आल्यावर अचानक नव्याऐंशी आणि नव्याण्णव.

२०१९ च्या जूनमध्ये हाच प्रश्न महाराष्ट्रात पेटला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली. एकवीस, बावीस हे शब्दही तिथेच होते, काढलेले नव्हते. पण ते कोण बघतो. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची फोड करून विनोद झाले, मराठीवर घाला म्हणून अग्रलेख आले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. स्वतः गणितज्ञ, मुलांना गणित शिकवण्यात आयुष्याचा मोठा भाग घातलेल्या. जोडाक्षरांनी भरलेले उलट्या क्रमाचे शब्द लहान मुलांना अडतात, त्यांना चढायला एक पायरी द्या, एवढंच त्या शांतपणे सांगत राहिल्या. २०२३ साली त्या गेल्या. मला त्या वादात राहून राहून वाटत होतं की ज्यांना ती पायरी लागली नाही तेच सगळे बोलत आहेत. जे पस्तीस-त्रेपन्नाशी ठेचकाळून गणितातून कायमचे उठले, त्यांना विधानसभेत कोण बोलू देणार?

ताईने त्या मुलीला ‘तीस पाच’ असं काही सांगितलं नाही. तिच्या मनात ते पुस्तकही नसावं. तिने पाटीवर दोन घरं आखली, डाव्या घराला ‘दशक’ म्हणाली, उजव्याला ‘एकक’. मग म्हणाली, ‘आता पाच ऐकलास की त्याला त्याच्या घरात पाठव. डावीकडचं घर रिकामं राहिलं तर राहू दे, त्यातला मागून येतोय.’ मुलीने ५ काढला तो उजवीकडे, आणि डावं घर मोकळं ठेवून तीसची वाट बघत बसली. मग त्या घरात तिने ६ काढला. पुसला, ३ केला.

ही दुसरी गंमत. ३ आणि ६ ही एकमेकांची आरशातली रूपं. छत्तीसचा आकडा म्हणतो ते त्यामुळेच, दोघं पाठ फिरवून बसलेले. स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाने याचा फार सुरेख उलगडा केला आहे. वाचन माणसाला जन्मजात नाही. अक्षर पाहून ओळखायला मेंदू डाव्या बाजूची एक जागा उसनी घेतो, जी मुळात वस्तू आणि चेहरे ओळखायला घडलेली असते. आणि त्या जागेला एक जुनी, उपयोगी खोड आहे. मांजर डावीकडे तोंड करून बसली काय, उजवीकडे बसली काय, ती तीच मांजर. लाखो वर्षं ही खोड जगायला कामी आली. मग एक दिवस पाटी हातात येते आणि तिला सांगितलं जातं की डावीकडे बघणारा तीन आणि उजवीकडे बघणारा सहा. मूल चुकत नसतं, त्याच्या मेंदूचं जुनं शहाणपण नव्या कामात आडवं येत असतं. हे शहाणपण अक्षरांपुरतं विसरायला हाताची मदत होते. बोटाने अक्षर गिरवलं की डोळ्याला दिशा कळते. माँटेसरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरं आणि आपल्याकडची धूळपाटी यांचं काम एकच.

आता हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग प्रत्येक शाळेत मेंदूचा तज्ज्ञ बसवा. थांबा. मेंदूचं नाव घेऊन काय काय विकलं जातं ते आधी बघा. डोळ्यांना पट्टी बांधून मुलं वाचतात असं दाखवणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग आपल्याच शहरांतून हजारो रुपये घेऊन चालले, आणि पट्टीच्या नाकाजवळच्या फटीतून मूल बघतं हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना जाहीरपणे सांगत फिरावं लागलं. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी, स्वभाव आणि पुढचं करिअर सांगणाऱ्या रंगीत फायली पालक जपून ठेवतात. रॉजर स्पेरीला १९८१ चं नोबेल मिळालं ते मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा दुवा कापलेल्या रुग्णांच्या अभ्यासासाठी. त्यातून बाजाराने ‘डाव्या मेंदूचं मूल, उजव्या मेंदूचं मूल’ अशी जात काढली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात अजून सांगतात की अमुक मूल बघून शिकणारं, तमुक ऐकून शिकणारं, म्हणून त्यांना तसंतसं शिकवा. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी या समजुतीचे सगळे पुरावे तपासले, आणि त्यावर वर्गातला वेळ खर्च करावा असं काही त्यांना सापडलं नाही.

या सगळ्या मालात मला आजोबांचा ‘दगड’ दिसतो. फक्त आता तो गुळगुळीत कागदावर छापलेला आहे आणि त्याला पैसे पडतात. एका नजरेत मुलाचा निकाल लावायचा आणि मोकळं व्हायचं. जॉन ब्रुअर या अभ्यासकाने १९९७ सालीच बजावलं होतं की मेंदूतल्या पेशींवरून थेट वर्गात उडी मारू नका, मध्ये मुलाच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास नावाचा टप्पा आहे, तो गाळता येणार नाही. आमच्या ताईचं ‘बोलून दाखव’ हा तो टप्पा.

एका नजरेत निकाल लागण्याचा अनुभव मुरुडच्याच एका मुलाने घेतला होता. धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८ चा, शेरवलीचा, पण वाढले मुरुडात. सरकारी परीक्षेला बसायचं म्हणून १८७५ च्या पावसाळ्यात ते सोबत्यांबरोबर मुरुडहून निघाले, कुंभार्ली घाट चढून चालत साताऱ्याला. शंभराहून अधिक मैल. परीक्षेला वय सतरा पूर्ण लागे. ते होतं. पण अंगाने लहान, चेहरा पोरगेला. अधिकाऱ्याने बघितलं, म्हणाला सतरा वर्षांचा दिसत नाही, आणि परत पाठवलं. पुढच्या वर्षी कोल्हापूरला बसून ते पास झाले. इंग्रजी उशिरा सुरू झालं, मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस, बी. ए. १८८४ ला. मग १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित. आजच्या कुठल्याही चाचणीत हा मुलगा ‘मागे पडलेला’ ठरला असता.

म्हणून असेल किंवा नसेल, पण दुसऱ्याचा असा निकाल मान्य करायचा नाही, हे त्यांच्या आयुष्यभर दिसतं. त्या काळी ठरलेला निकाल असा की विधवा बाई, पंचविशीची, तिला आता काय अक्षर येणार. आठव्या वर्षी वैधव्य आलेल्या देवरुखच्या गोदूबाई मोठेपणी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात दाखल झाल्या, १८८९ साली सदन उघडलं तेव्हाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्यांच्याशी १८९३ मध्ये कर्व्यांनी विवाह केला, आणि मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. स्वतःच्या आईच्या घरात उतरायची सोय राहिली नाही. आज गावात त्यांचं स्मारक आहे आणि सहलीच्या बसगाड्या तिथे थांबतात. गावं अशीच असतात, त्यात मुरुडला वेगळं बोलण्यात अर्थ नाही. पुढे हिंगण्याच्या माळावर झोपडीत विधवांसाठी शाळा निघाली. दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवून कर्वे संध्याकाळी चिखल तुडवत तिथे जात, शिकवत.

गोदूबाईंच्या धाकट्या बहिणीचं, पार्वतीबाई आठवल्यांचं, मला विशेष वाटतं. त्याही विधवा, सोवळ्या, अक्षरांशी पंचविशी उलटून ओळख झालेली. हिंगण्याच्या याच आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या या बाईंना इंग्रजी येत नसल्याचं शल्य होतं. ते शिकायचं म्हणून १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करत राहिल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारं लिहून ठेवलं आहे.

त्यांच्या मेंदूत अक्षरं शिकताना काय झालं असेल, याचा अंदाज आज करता येतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. २०१७ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. बदल वरच्या, विचार करणाऱ्या थरातच असेल अशी अपेक्षा होती. तो खाली, मेंदूच्या बुंध्यापर्यंत आणि डोळ्यांकडून आलेली माहिती पुढे पाठवणाऱ्या जुन्या केंद्रापर्यंत पोचलेला निघाला. त्या भागात एवढ्या वयात काही हलेल असं मानलं जात नव्हतं. अक्षरांना जागा देताना चेहरे ओळखण्याची ताकद कमी होत असेल अशी एक शंका होती. त्याच परिसरातल्या मोठ्या गटावर केलेल्या २०१९ च्या अभ्यासात तसं काही दिसलं नाही. तिशीतली खेड्यातली बाई, आपली बाराखडी, सहा महिने. हिंगण्याच्या झोपडीत याहून वेगळं काय होतं?

कर्व्यांनी मात्र पुराव्याची वाट पाहिली नाही. पुढे १९२९ साली, एकाहत्तर वर्षांचे असताना, ते युरोपला गेले आणि डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला हजर राहिले. त्याच गावी त्याच ऑगस्टमध्ये माँटेसरीबाईंची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही भरली होती. डॉक्टरकी शिकून मुलांच्या बोटांपर्यंत आलेली ती बाई आणि मुरुडच्या परवच्यातून आलेला हा म्हातारा गणितमास्तर एका आवारात वावरले असतील, या कल्पनेने मला मजा वाटते. परतल्यावर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं.

मी हे सगळं ताईला सांगत होतो तेव्हा ती नोंदवही पुरी करत होती. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. तयार वाक्यांच्या फायली शिक्षकांच्या गटांवर फिरतात, तिथून उतरवल्या की काम झालं: ‘संख्यांचे वाचन-लेखन करते’, ‘गणन क्रियेत गोंधळते’. दोन इयत्ता, मध्यान्ह भोजनाचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती, त्यात कोण नवीन वाक्य रचत बसणार. त्या मुलीच्या नावापुढे तिने ‘गोंधळते’ लिहिलं होतं.

‘गोंधळत कुठे होती?’ मी म्हटलं. ‘तू तर बरोबर ऐकलंस म्हणालीस.’

‘तू ना, सुट्टीत येऊन शहाणपणा शिकव,’ ताई म्हणाली. पण तिने ती ओळ खोडली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: ‘ऐकू येतं त्या क्रमाने लिहिते. दोन घरं आखून दिली की जमतं. ३-६ हवेत गिरवून घेणे. जूनमध्ये पुन्हा बघणे.’ रकाना पुरला नाही. शेवटचे दोन शब्द शेजारच्या मुलाच्या ओळीत गेले, आणि मग त्याच्याही नोंदीपाशी ती थांबली.